पूज्य

मी वजनकाट्यांचा मेकॅनिक.
वेंगुर्ल्याला बंदररोडवर खोकं आहे माझं,
वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येतो, शिक्का मारून जातो.
खोट मला वासावर कळते:
पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक,
पोकळ करून मेणाने भरलेलं किलोचं वजन,
आणि एकीचा तर नुसता अंगठा.
सुरमई तोलताना कडेला असा टेकायचा
की गिऱ्हाइकाला वाटावं
माशाला जपतेय.
(एक चुंबक मीच लावलं होतं. साल सांगत नाही.)

म्हणून मिंगेल माझ्याकडे आला.
गिअरबॉक्सचे पैसे घेऊन पणजीला गेला होता,
नदीतल्या जुगाराच्या बोटीवर;
आला तो एसटीच्या तिकिटापुरते उसने मागून.
“तू मापातलो माणूस. येऊन बघ.
चाकात शिसां घातलेलां आसतला.
नायतर सात खेपेक काळांच कसां इलां?”

गेलो. खिशात वीतभर पाणसळ.
गालिचा इतका जाड की पाऊल आपलं वाटेना.
घड्याळ नाही, खिडकी नाही,
भरती की ओहोटी कळायला मार्ग नाही.
झोपेतही ज्याला पाण्याची वेळ कळते
असा माणूस इथे हरणारच,
एवढं दारातच कळलं.

टेबलाच्या कडेला पाणसळ टेकवली.
बुडबुडा जरा हलला,
मग मधोमध येऊन बसला, पूजेला बसल्यासारखा.
चाकावर आरवलीच्या शिरोडकरांची निवेदिता.
“काका, ठेवा ते खिशात. कॅमेरे आहेत.”
मग सुट्टीत, मागच्या डेकवर,
डब्यातली पोळी मोडता मोडता म्हणाली,
“घरं सदतीस. एक ते छत्तीस, आणि ते हिरवं.
जिंकलात तर देणं छत्तीसाच्या हिशेबानं.
झालं. पाटीवर लिहिलंय.
फसवायला कशाला लागतंय आम्हाला?”

हिरवं, म्हणजे पूज्य.
आमचे मास्तर शून्याला कधी शून्य म्हणाले नाहीत.
पूज्य म्हणायचे,
आणि फळ्यावर काढून झालं की
खडूची बोटं हळूच कपाळाला लावायचे.

रात्री तीनपर्यंत उभा राहिलो.
वहीत दोनशे बारा फेऱ्या उतरवल्या.
लाल, काळं, लाल. काळं काळं काळं.
पूज्य सहा वेळा.
खोट नाही.
इतका साफ काटा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.
अंगठा होता,
पण पारड्याला टेकलेला नव्हता.
वजनातच ओतलेला होता,
आणि वर सरकारी शिक्का.

परतीच्या एसटीत, सातार्ड्याचा पूल येईपर्यंत
जुळवत होतो काय सांगायचं.
खरं सांगितलं तर म्हणेल, मग जिंकता येतं.
आणि जाईल. होडी विकून जाईल.
खोट्याला खरं मी एकदा म्हटलंय.
खऱ्याला खोटं
चाळीस वर्षांत कधीच नाही.

मिंगेल धक्क्यावर जाळं सांधत होता.
म्हटलं, शिसं आहे. डाव्या अंगाला.
हात लावून बघितलं मी.

लुबाडलेला माणूस इतका हलका होतो
हे मला ठाऊक नव्हतं.
“मी सांगलंय नाय?” रेमेदीनला हाक मारली,
माझ्यासाठी चहा, वर खारी.
दोन गाठी मारल्या, शीळ घातली.
मग सुई थांबली.

“बरां,” म्हणाला, “शिसां नसलेलां चाक
खंयच्या बोटीर आसा?”

मी बशीतल्या गार चहावर
फुंकर घालत राहिलो.